वेळेअभावी

आमच्या भागात माणूस गेला की दहाव्या दिवशी नदीवर माईक लागतो. बाहेरून आलेल्याला हे पटकन समजत नाही. घाटावर एका अंगाला गुरुजी पिंड मांडून बसलेले असतात, भाऊबंद डोक्यावरचे केस उतरवून घेत असतात, आणि दुसऱ्या अंगाला मांडव, सतरंज्या, दोन कर्णे आणि एक सोफा. सोफा पुढाऱ्यांसाठी. महाराजांचं प्रवचन झालं की श्रद्धांजल्या सुरू होतात. विकास सोसायटीचे चेअरमन, सरपंच, कारखान्याचे संचालक, पक्षांचे तालुकाध्यक्ष. ज्याचं नाव घेतलं तो उठतो, दोन शब्द बोलतो, फोटोला हात जोडतो. ज्याचं नाव घेतलं नाही तो ते मरेपर्यंत विसरत नाही.

ती नावं मी घ्यायचो. वीसेक वर्षं घेतली. मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो आणि देवानं आवाज बरा दिलाय. भीमेच्या दोन्ही तीरांवर, शिरूरच्या अंगाला आमच्या गावात आणि पूल ओलांडून दौंडच्या अंगालाही, दहावा म्हटलं की लोक मला फोन करायचे. ‘सरांनी माईक धरला की मेलेलं माणूस मोठं हुतं,’ असं कुणीतरी म्हणालं होतं. मला ते आवडलं होतं. घरी येऊन बायकोला सांगितलं होतं.

शेवटी एक वाक्य असतं. ‘वेळेअभावी सर्वांना श्रद्धांजली वाहण्याची संधी देता येत नाही, त्याबद्दल कुटुंबीयांच्या वतीने दिलगिरी व्यक्त करतो.’ हे मी किती वेळा म्हटलं असेल त्याला हिशेब नाही. बहुतेक वेळा ते खरं असायचं. ऊन चढलेलं असायचं, नदीला जलपर्णीचा वास सुटलेला असायचा, लोकांना कामावर जायचं असायचं. एकदा ते खोटं होतं. त्या एका वेळेबद्दल लिहायचं म्हणून बसलोय. आजवर दोन-तीनदा बसलो आणि शाळेची कामं आठवली.

आबा आणि आप्पा हे आमच्या गावातले दोन म्हातारे. आबा मळ्यातले, जमीनदाराच्या घरातले, सोसायटीत वाडवडिलांपासून वजन असलेले. आप्पा वस्तीवरचे. त्यांचे वाडवडील मेंढरं घेऊन फिरायचे. त्यांच्या आजोबांनी नदीकाठी मुक्काम टाकला तो उठवलाच नाही. आता वस्तीवर ऊस आहे, स्लॅबची घरं आहेत. चाळीस वर्षं हे दोघं एकमेकांविरुद्ध पॅनेल उभं करत आले. कधी हा निवडून आला, कधी तो. दोघांची शेतं लागून, आणि नदीवरून आणलेली पाइपलाइन दोघांत एक. आठवड्याचे चार दिवस आबांचे, तीन आप्पांचे. सोसायटीत एकमेकांचे वाभाडे काढून आलेली माणसं संध्याकाळी त्या पाण्याच्या मोटारीवर बसून तंबाखू मळायची.

त्यांचा एक नेम होता. निकाल लागला की जिंकलेल्यानं गुलालाला हात लावायच्या आधी हरलेल्याच्या दारात जायचं. हरलेल्यानं अंगणात खुर्ची टाकून ठेवायची आणि चहाचं आधण चढवून ठेवायचं. चहा झाला की मग मिरवणूक. मी लहान असताना हे पाहिलंय. बाहेर हलगी घेतलेली माणसं खोळंबलेली आणि आत हे दोघं बशीत फुंकर मारत बसलेले. हलगीवाला ओरडायचा, ‘आबा, कातडं गार पडलं!’ आतून आप्पा म्हणायचे, ‘पडू दे. आमचं बी पडलंय.’

दुसरी एक गोष्ट ठरलेली होती, तीही चहावरच. एस. टी. स्टँडजवळच्या हॉटेलात मी समोर बसलेलो होतो.

‘तू आधी मेलास तर शेवटचं मी बोलणार,’ आप्पा म्हणाले. ‘आन् खरं बोलणार.’

‘म्हंजी मला मरायची सोय न्हाई,’ आबा म्हणाले. मग माझ्याकडं वळले. ‘मास्तर, ऐकलं का? ह्याला शेवटी घ्यायचा. ह्याच्यामागं कुणाला माईक दिऊ नको, न्हाईतर त्यो माझी बाजू मांडाया लागंल.’

माईक कसा धरायचा ते मला आबांनीच शिकवलं होतं. पहिल्या वेळी मी घाबरून आमच्याच बाजूची चार नावं ओळीनं घेतली, तर त्यांनी मागून शर्ट ओढला. ‘मांडवात पार्टी नसती, मास्तर. एक त्यांचा, एक आपला.’ तेव्हापासून मी तसंच करत आलो. लोक कानाशी येऊन नाव सांगून जायचे आणि मी मनात ओळ लावायचो, एक इकडचा, एक तिकडचा.

आबा गेले ते आमदारकीच्या निवडणुकीच्या धामधुमीत. त्यांचा थोरला मुलगा एका उमेदवाराच्या गाडीत पुढच्या सीटवर बसायला लागला होता. आप्पा दुसऱ्या उमेदवाराकडं होते. वस्तीवरच्या सभेत त्यांनी आमच्या उमेदवाराला माईकवरून चांगलाच सोलला होता. मी ‘आमच्या’ म्हटलं. शिक्षकानं म्हणू नये, पण तेव्हा मी तसाच विचार करत होतो.

दहाव्याला कधी नव्हे ती गर्दी झाली. निवडणूक असली की दहाव्याला गर्दी होतेच. माणूस मेल्याचं दुःख असतं, त्यात दीड-दोन हजार मतं एका जागी बसलेली असतात. उमेदवार स्वतः आले. वर रस्त्यावर गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

‘सर, तुमचा आवाज लय ऐकलाय. शिरूरच्या सांगता सभेला निवेदन तुम्हीच करायचं.’

बस, एवढंच. दुसरं काही त्यांनी मला देऊ केलं नाही आणि मी मागितलं नाही. लोकांना वाटतं माणूस विकला जातो तेव्हा मोठा व्यवहार होत असेल.

घाटावर उतरताना आबांच्या थोरल्यानं मला गाठलं. केस उतरवलेले, अंगावर ओलं उपरणं. ‘सर, आप्पांना शेवटी घ्या. आबांचं तसं होतं ठरलेलं.’

‘माहिती आहे मला,’ मी म्हणालो.

हे मी मुद्दाम आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं मला पळता येणार नाही. त्यानं मला स्पष्ट सांगितलं होतं.

आप्पा सोफ्यावर बसले नव्हते. मांडवाच्या कडेच्या खांबाला टेकून, सतरंजीच्या टोकाला. स्वच्छ धोतर, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. माझ्याकडं त्यांनी दोनदा पाहिलं. मी नावं घेत गेलो. एक इकडचा, एक तिकडचा. मग उमेदवार बोलले. आबांवर थोडं बोलले, मग पाण्यावर, मग उसात शिरणाऱ्या बिबट्यावर, मग ‘आबांचं अधुरं स्वप्न पूर्ण करायचं तर कुठलं बटण दाबायचं हे तुम्हाला सांगायची गरज नाही’ असं म्हणून फोटोकडं वळले. काही लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मग दहाव्याला टाळ्या वाजवत नाहीत हे आठवून हात मांडीखाली घेतले.

आता आप्पांची पाळी होती. आप्पांना ते कळलं होतं. त्यांनी गुडघ्यावरची टोपी उचलून डोक्यावर नीट बसवली आणि उठायला खांबाला हात लावला.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी प्रामाणिकपणे सांगायचा प्रयत्न करतो. उमेदवार समोर बसलेले. आप्पा ‘खरं बोलणार’ म्हणाले होते. काय बोलतील? बटणाचं बोलणं त्यांनी ऐकलं होतंच. ते उत्तर देतील, लोक हसतील, आणि उमेदवार कुणाला तरी विचारतील, या म्हाताऱ्याच्या हातात माईक दिला कुणी? शिरूरचं स्टेज माझ्या डोळ्यांपुढून गेलं. हे सगळं मी माझं मीच रचलं. कुणी डोळा मारला नाही, कुणी कानात सांगितलं नाही.

‘वेळेअभावी,’ मी म्हणालो, आणि पुढचं वाक्य तोंडपाठ होतंच.

आप्पा अर्धवट उठलेले होते. तसेच थोडा वेळ राहिले. मग त्यांनी टोपी काढली आणि परत गुडघ्यावर ठेवली. दोन मिनिटांची शांतता झाली तेव्हा सगळे उभे राहिले आणि ते बसूनच होते.

पिंडाला कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, आबा तृप्त होऊन गेले.

मांडव मोकळा होत असताना थोरला माझ्याकडं आला. ‘सर, आप्पांचं नाव ऱ्हायलं.’

‘आप्पाच नको म्हणाले.’

हे वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं. ते आलं. त्याचा चेहरा उतरला. बापाच्या दहाव्याला बापाचा चाळीस वर्षांचा सोबती पार्टीपायी दोन शब्द बोलायला नको म्हणतो, हे त्याच्या आत जाताना मला दिसलं. ‘बरं,’ एवढंच म्हणून तो गुरुजींकडं गेला.

दुपारी वस्तीच्या फाट्यावर आप्पांच्या मुलानं माझी गाडी थांबवली.

‘सर, म्हातारं सकाळधरनं जेवलं न्हाई. नाव घिऊ नका म्हणून कुणी सांगितलं हुतं?’

‘मला सांगितलं तसं मी केलं,’ मी म्हणालो. ‘मांडव काय माझा होता का?’

कुणी सांगितलं हे त्यानं पुन्हा विचारलं नाही. विचारायची गरज मी ठेवली नव्हती.

एका दिवसात दोन घरांत दोन खोट्या गोष्टी पोहोचल्या आणि दोन्ही घरं मानी. एकानं दुसऱ्याला एकदा जरी विचारलं असतं तरी मी उघडा पडलो असतो. कुणी विचारलं नाही. आबा असते तर त्यांनी मोटारीवर बसून विचारलं असतं.

सांगता सभेला मी गेलो. नवा सदरा घालून. मोठे नेते येईपर्यंत गर्दी धरून ठेवायचं काम मला दिलं होतं. ‘मागच्यांनी बसून घ्या. गाड्या रस्त्यावर लावू नका.’ नेते आले तशी पुण्याहून आणलेल्या एका बाईंनी माझ्या हातातून माईक घेतला. मी स्टेजच्या मागच्या जिन्यानं उतरलो.

आमचा उमेदवार निवडून आला. त्या संध्याकाळी आप्पांच्या अंगणात खुर्ची नव्हती. डीजेचा ट्रॅक्टर मात्र त्यांच्या दारासमोर थांबला आणि तिथंच थांबून राहिला. कुणीतरी भिंतीवर गुलाल फेकला, मग दारावर, मग ओट्यावर बसलेल्या बायकांवर. आतून दगड आला. तो आबांच्या थोरल्याच्या कपाळाला लागला. मग काय झालं ते दोन्ही बाजूंनी पोलीस ठाण्यात वेगवेगळं लिहून दिलंय. आप्पांच्या पुतण्याचा हात अजून खांद्याच्या वर जात नाही.

पुढच्या महिन्यात जेसीबी आला आणि सामाईक पाइपलाइन बांधावर तोडली. आप्पा काठी टेकून बघत उभे होते असं मला लोकांनी सांगितलं. मी त्या रस्त्यानं जायचं सोडलं होतं. शाळेत जायला लांबचा वळसा घ्यायचो. बायकोनं एकदा विचारलं, ‘तिकडनं का जाता हल्ली?’ रस्ता बरा आहे म्हणालो. रस्ता अजिबात बरा नव्हता.

वर्षभरानं पंचायत समितीची निवडणूक लागली. एकीकडून आबांचा थोरला, दुसरीकडून आप्पांचा मुलगा, समोरासमोर. आप्पा तोवर दम्यानं खंगले होते. लेकीनं त्यांना दौंडला नेलं होतं, दवाखाना जवळ म्हणून. मी एका रविवारी पूल ओलांडला, केडगाव स्टेशनवर मोटारसायकल लावली आणि डेमू लोकलनं दौंडला गेलो. गाडीवर सरळ जाता आलं असतं. गाडीवर असतो तर वाटेतल्या चौफुल्यावरून परत फिरलो असतो, म्हणून रेल्वेत बसलो.

लेकीचं घर रेल्वे लाइनीच्या मागं. आप्पा खाटेवर उशांना टेकून बसलेले होते. मला बघून म्हणाले, ‘मास्तर, आवाज मोजाया आला का? अजून हाय थोडा.’

लेक चहा ठेवायला आत गेली तसं मी सांगायला सुरुवात केली. शाळेत पोरं पाठ म्हणतात तसं खाली बघून, न थांबता. थोरल्यानं मला तुम्हाला शेवटी घ्यायला सांगितलं होतं. मी नाव घेतलं नाही. त्याला खोटं सांगितलं. तुमच्या मुलालाही खोटं सांगितलं. मला कुणी काही म्हणालं नव्हतं.

यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांवर आपटत होते.

‘म्हंजी त्या पोरानं सांगितलं हुतं?’

‘हो.’

‘व्हय का.’ मग दम घेऊन म्हणाले, ‘वरीसभर शिव्या दिल्या रं मी त्या पोराला. बसता-उठता. आबाचं पोरगं न्हाई म्हणलो. त्याच्या आईला बी बोललो. त्या शिव्या आता कशा माघारी घिऊ?’

मला म्हणायचं होतं, त्या मला द्या. ते तोंडातून निघालं नाही, आणि निघालं असतं तरी नाटकी वाटलं असतं.

‘मी काय बोलणार हुतो, तुला काय वाटलं?’ त्यांनी विचारलं.

‘उमेदवाराला उत्तर द्याल, असं वाटलं.’

आप्पा हसले. हसण्यातून खोकला उठला, लेक पाणी घेऊन धावत आली. ती परत गेल्यावर म्हणाले, ‘आबाच्या दहाव्याला मी त्या बाबाचं नाव कशाला काढू? माझी बायको गेली तवा इलेक्शन हुतं. आबा माझ्यासमोर उभा. त्यानं दहा दिस परचार बंद ठिवला. त्याची माणसं चिडली, तर म्हणला, समोरचा सुतकात हाय, मी एकट्यानं काय पळू? आन् निवडून त्योच आला. हरल्याचं मला काय वाटलं न्हाई. येवढंच सांगायचं हुतं. लांबवणार नव्हतो. तुझा येळ घेतला नसता.’

चहा आला. मी तो प्यायलो, कारण ठेवून उठणं आणखी वाईट झालं असतं.

निघताना म्हणाले, ‘मला सांगून काय उपेग, मास्तर? मी चाललोच. त्या पोराला सांग. आजच सांग. आन् माझ्या दहाव्याचा माईक तूच धर. मी सांगून ठिवतो.’

मी त्याच संध्याकाळी आबांच्या थोरल्याकडं गेलो. प्रचार कार्यालयात वडापावचे बॉक्स, झेंडे, रांजणगावच्या कंपनीतून शिफ्ट सुटून आलेली पोरं. त्याला बाजूला घेऊन उसाच्या ट्रॉलीमागं उभं केलं आणि सगळं सांगितलं. त्याच्या कपाळावरचा व्रण कार्यालयाच्या दिव्यात चमकत होता.

तो मारेल असं मला वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

‘सर, हे आत्ता का सांगताय?’

‘आप्पांनी सांगायला लावलं. त्यांची तब्येत बरी नाही. तुम्ही एकदा जाऊन या.’

त्यानं मागं पोरांकडं पाहिलं. आवाज खाली आणला. ‘त्या दहाव्यावरच मी गावोगाव बोलतोय, सर. ज्यांनी माझ्या बापाला दोन शब्द दिले न्हाईत, त्यांना मत द्यायचं का? लोकांच्या डोळ्यात पाणी येतंय. आता काय सांगू त्यांना, की मास्तरांची चूक झाली?’

‘खरं तेच आहे.’

‘आसंल. पण पोरं पेटलीत. मतदान होईस्तोवर पोटात ठेवा. वरीसभर ठेवलंच की तुम्ही.’ मग जरा थांबून, ‘आप्पांकडं जातो मी. निकाल लागू द्या.’

आप्पा त्याच आठवड्यात गेले.

प्रचार कुणाचाच थांबला नाही. आबांच्या थोरल्याच्या गाड्या फिरत राहिल्या. आप्पांचा मुलगा सुतकात घरी बसला, पण त्याच्याही रिक्षा फिरत होत्या. त्यावर आप्पांचा फोटो लावला होता, आणि खाली अपमानाचा बदला घ्या असं काहीतरी. दुखवट्याला गेलो तेव्हा मुलगा म्हणाला, ‘माईक तुम्ही धरायचा म्हणून म्हाताऱ्यानं बजावलंय. का, ते मला कळंना.’ आप्पांनी त्याला काही सांगितलं नव्हतं. ते काम त्यांनी माझ्याकडंच ठेवलं होतं.

दहाव्याला तीच जागा, तीच सतरंजी. या वेळी सोफ्यावर दुसऱ्या पक्षाचे लोक. आबांचा थोरला आला होता. मांडवात आला नाही. वर रस्त्यावर जीपला टेकून उभा होता, आणि त्याच्या इतकं येण्यानंसुद्धा मांडवात कुजबूज झाली. मी नावं घेतली. एक इकडचा, एक तिकडचा. ऊन चढलं. आप्पांच्या मुलानं मला खूण केली, आता आटपा.

मी म्हणालो, ‘अजून वेळ आहे.’

आणि मी सांगितलं. आबांच्या दहाव्याला आप्पांना शेवटी घ्या असं आबांच्या मुलानं मला सांगितलं होतं. मी घेतलं नाही. माझ्या लोभापायी घेतलं नाही. दोन्ही घरांना मी खोटं सांगितलं. मग आप्पा जे बोलणार होते तेही सांगितलं, सुतक आणि बंद ठेवलेला प्रचार. ते सांगताना मागं म्हातारी माणसं बसली होती त्यांतला एक जण मोठ्यानं म्हणाला, ‘खरंय, खरंय.’ शेवटी मी वर रस्त्याकडं बघून म्हणालो, ‘आबांच्या मुलानं खाली येऊन आप्पांना दोन शब्द वाहावेत, अशी विनंती करतो.’

सगळ्या माना वळल्या. माना वळल्या त्याबरोबर मोबाइलही वळले, शंभर तरी. थोरला जीपपासून एक पाऊल पुढं आला. मोबाइल बघून थांबला. तिथूनच त्यानं हात जोडले, जीपमध्ये बसला आणि गेला.

मांडवात कुणी मला शिवी दिली नाही. आप्पांचा मुलगा माझ्याकडं न बघता माझ्या हातातला माईक घेऊन अॅम्प्लिफायरवाल्याकडं देऊन आला.

दुपारपर्यंत माझे दोन व्हिडिओ गावोगाव पोहोचले. एकात मी म्हणत होतो, ‘आप्पांना शेवटी घ्या असं आबांच्या मुलानं मला सांगितलं होतं.’ तेवढंच, आणि मागं संगीत. खाली लिहिलेलं, मोठ्या मनाचा माणूस. दुसऱ्यात मी म्हणत होतो, ‘मी घेतलं नाही. माझ्या लोभापायी घेतलं नाही.’ खाली लिहिलेलं, यांनी आपल्या आप्पांची किंमत किती केली बघा. सबंध बोलणं कुणीच पाठवलं नाही. बायकोनं दोन्ही पाहिले. मोबाइल उलटा ठेवून ती भाकऱ्या करायला गेली.

त्यानंतर मला दहाव्याला कुणी बोलावलं नाही. आता शाळेतलेच एक तरुण सर माईक धरतात. चांगलं बोलतात.

निकालाच्या दिवशी मी वस्तीच्या तोंडाशी किराणा दुकानात जाऊन बसलो. आबांचा थोरला निवडून आला हे फटाक्यांवरून कळलं. आप्पांचं घर दुकानातून दिसतं. आप्पांचा मुलगा ओट्यावर बसला होता, डोक्यावर नुकते केस आलेले. आणि अंगणात खुर्ची टाकलेली होती. लाल, प्लास्टिकची. दुकानदारानंही ती पाहिली. ‘ही कवा टाकली?’ तो म्हणाला. आतून धूर येत होता, चुलीवर काहीतरी चढवलेलं होतं.

डीजे येताना लांबूनच ऐकू आला. दुकानाच्या पत्र्याला हादरे बसायला लागले. आप्पांच्या भिंतीचा कोपरा आला आणि आवाज बंद पडला. मागची पोरं ओरडायला लागली, ‘ए, लाव की! काय झालं?’ ट्रॅक्टरवाल्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. नुसत्या इंजिनाच्या आवाजात ट्रॅक्टर पुढं सरकला. मागं जीप. थोरला जीपमध्ये उभा होता. तोंड, केस, सदरा, सगळं गुलालानं माखलेलं. त्यानं खुर्ची पाहिली. मला दिसलं, पाहिली. आप्पांचा मुलगा ओट्यावरून उठून उभा राहिला.

जीपचा वेग कमी झाला, पण जीप थांबली नाही. भिंत संपली आणि आवाज परत सुरू झाला. दारात, भिंतीवर गुलालाचा कण पडला नव्हता.

आप्पांचा मुलगा काही वेळ उभा राहिला, मग आत गेला. खुर्ची त्यानं आत घेतली नाही. मी दुकान बंद होईपर्यंत तिथंच होतो. उठून जावं आणि त्या अंगणात जाऊन बसावं असं एकदा मनात आलं. पण ती खुर्ची माझ्यासाठी टाकलेली नव्हती. मी घरी आलो, वस्तीवरच्या रस्त्यानंच आलो.